कौलांवर चढलेली मधुमालती आत्ताच उतरवा

भाताची झोडणी आटोपली आणि मधुमालतीचा बहर ओसरला की कोयतीला धार लावून घ्यावी. डिसेंबर ते मध्य जानेवारी हा या वेलाच्या मोठ्या छाटणीचा काळ. मांडवापुरता लावलेला वेल चार पावसाळ्यांत पडवीच्या कौलांखाली शिरतो आणि वाशांना विळखा घालतो.

मोठी छाटणी म्हटली की घरातली माणसं हळहळतात. उगाच. मधुमालती नव्या फुटीवर फुलते. पाच-सहा जाड फांद्या कंबरेएवढ्या राखून बाकी उडवली तरी उन्हाळ्यात झुबके लागतात. मोबाईलवरचे विस्टेरिया छाटणीचे व्हिडिओ मात्र इथे उपयोगाचे नाहीत. तो थंड मुलखातला वेल, त्याच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच्या आखूड खुंटांवर धरतात, म्हणून तिथे डोळे मोजून कापतात.

कौलांवरचा वेल ओढू नका, कौलं सरकतात. वर गेलेल्या फांद्या खाली कापून आठवडाभर तशाच सोडा. पानं गळून ओझं कमी होतं. मग हात-दीड हाताचे तुकडे करत सोडवा, आणि कौलाखाली गेलेला तुकडा कौल उचलूनच काढा. जाड हातमोजे हवेतच: पान गळलं तरी देठाचा बुडखा खोडावर राहतो आणि वाळून काट्यासारखा कडक होतो. विजेच्या वायरला वेल गुंडाळला असेल तर कोयती बाजूला ठेवा, वायरमनला बोलवा.

जाड कापांना आंब्याला लावता तीच बोर्डो पेस्ट पुरे. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून एकत्र करा.

बुंध्याभोवतीचे फुटवे जमिनीलगत छाटले तर दुप्पट जोमाने येतात, ते मुळापासून खणून काढा. शेणखत घमेलाभर, युरिया नकोच, पानंच माजतात.

मेअखेरीस, मिरगाआधी, एक हलकी छाटणी करा: पन्हळीकडे झेपावलेले शेंडेच फक्त. पानांनी पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. वाऱ्याचाही भरवसा नाही, 2020 मध्ये निसर्ग वादळ 3 जूनलाच रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. मांडवाचे खांब हलतात का, तेही तेव्हाच बघून घ्या.