किट विकायचं म्हणता? आधी दुसरी फ्रेम बनवून बघा

मी स्वतः बनवलेली गाडी शेडसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पहिल्यांदा गोल फिरली, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. लातूरहून एक जण आला, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, अशीच एक मला द्या. सुटी द्या, मी घरी जोडून घेतो." चाळीस हजार इसार ठेवून गेला. त्याच आठवड्यात नांदेडचा एक आणि जालन्याचा एक. वाळूजला बारा वर्षं दुसऱ्याच्या लाइनसाठी फिक्श्चर (वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारे साचे) बनवलेल्या माणसाच्या हातात आठ दिवसांत एक लाख दहा हजार आले की काय होतं, ते सांगायला नको. मी तर मनात पाटीसुद्धा रंगवून घेतली.

लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वळणाची दोन सीटची गाडी घरी बनवायच्या नादाला जो लागलाय, त्याला २५ बाय २५ ची चौकोनी पाइप, १६ गेज, सीओटू वेल्डिंग हे सगळं ठाऊक असणार. इंजिन मारुती ओम्नीचंच का, तेही ठाऊक असणार: इंजिन लांबीत बसतं, मागची चाकं फिरतात आणि भंगारात मिळते. त्यावर मी वेळ घालवत नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. गाडी झाली, चार लोकांनी वा म्हटलं, आता किट, म्हणजे घेणाऱ्यानं घरी जोडायचे सुटे भाग, विकावं का?

माझा हिशोब असा होता. फ्रेमला साठ मीटरच्या आसपास पाइप लागते, वजन सत्तर किलोच्या घरात. भावाप्रमाणे सहा-सात हजाराचा माल. विशबोन (चाक फ्रेमला जोडणारे दांडे), ब्रॅकेट, फायबरची बॉडी, नट-बोल्टची पिशवी धरली तरी चांगलं सुटत होतं. कागदावर सगळंच सुटतं.

लातूरवाल्याची फ्रेम मी सहा आठवड्यांत उभी केली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी मापं सारखी यायला हवीत, त्यात ७ मिलिमीटरचा फरक. पुन्हा मोजलं, टेप बदलली. सातच. मला खरंच कळेना, कारण पहिल्या गाडीला असं काही झालं नव्हतं. मग पहिली गाडी उघडून मोजली. तिच्यात ९ चा फरक होता.

इथं मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण मी इथंच आपटलो. पहिली गाडी बनवताना मी चुकत होतो आणि चुकल्या जागीच सावरत होतो. पुढच्या विशबोनचा डाव्या बाजूचा वरचा ब्रॅकेट वेल्डिंगच्या ओढीनं सहा मिलिमीटर पुढं सरकला होता. मी भोक कानसून लांब केलं, मागं दोन वॉशर टाकले, चहा प्यायलो आणि विसरलो. स्टिअरिंगचा रॉड इंजिनाला घासत होता, मी जॉइंटचा कोन बदलला. पेडल तर माझ्याच पायाच्या मापानं बसवलेलं. अशी दीड-दोनशे कामं त्या गाडीत मुरलीत आणि त्यातलं एकही कागदावर नाही. ड्रॉइंग म्हणून माझ्याकडे जे होतं, ते गाडी व्हायच्या आधीचं होतं. झालेली गाडी वेगळीच होती.

आता तोच सहा मिलिमीटर लातूरला पाठवा. चाक ज्यांच्यावर वळतं ते वरचा आणि खालचा बॉलजॉइंट यांच्यात माझ्या गाडीत २२० मिलिमीटर अंतर आहे. वरचा सहानं सरकला म्हणजे कॅस्टर, म्हणजे या दोघांतल्या रेषेचा पुढं-मागं कल, दीड अंशानं बदलला, तोही एकाच बाजूचा. कॅस्टर कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते. अलाइनमेंटवाला टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) लावून देईल, पण ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड केलेला असताना कॅस्टर कुठून देणार? आणि किट घेणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. त्याला वाटणार, आपल्याच जोडणीत चूक झाली. तो भोक लांबवणार. कुठलं लांबवणार, देव जाणे.

वेल्ड थंड होताना पाइपला आपल्याकडे ओढतं, ही आयटीआयच्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. आधी सगळी फ्रेम टाके मारून उभी करायची, मग एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला. मी बारा वर्षं हेच दुसऱ्यांना शिकवत होतो. पण स्वतःच्या शेडमध्ये फिक्श्चरला पैसे घालायचे जिवावर आलं. एकच तर गाडी आहे, म्हणून जमिनीवर खडूनं रेघा मारून वेल्डिंग केलं. एका गाडीला ते चालून गेलं. दुसऱ्या गाडीला फिक्श्चर लागतंच, आणि माझ्या हिशोबात फिक्श्चरचा खर्च नव्हता.

तेव्हाच शहरात एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथल्या कोटवाल्या मार्गदर्शकानं सांगितलं, "आधी विका, मग बनवा." मोबाइलचं ॲप असेल तर ठीक आहे बाबा. स्टिअरिंगच्या बाबतीत असं बोलणाऱ्याला त्याच गाडीत बसवून कन्नडचा घाट उतरवला पाहिजे. उलट आमचे उस्ताद, ज्यांच्याकडे मी गिअरबॉक्स उघडायला शिकलो, त्यांनी दुसरी फ्रेम बघितली आणि पाना पुसत एवढंच विचारलं, "तेरा हाथ भी डिब्बे में डाल के भेजेगा क्या?" मला मार्गदर्शक निवडायचा झाला तर ज्याच्या नखात ग्रीस आहे तोच निवडीन. हे माझं मत, पटलं तर घ्या.

उस्तादांच्या बोलण्यावरून मी एक परीक्षा घेतली आणि ती तुम्हीही घ्याच. पुढच्या सस्पेन्शनचे सगळे भाग खोक्यात भरले, सोबत ड्रॉइंग दिलं आणि पैठणच्या मावसभावाकडे पाठवलं. गडी फिटर आहे, अडाणी नाही. मी तिकडं जायचं नाही, फक्त फोन घ्यायचा आणि वहीत लिहायचा, असं ठरलं. दोन दिवसांत ४१ फोन. त्यातले तीस तरी मला लाज वाटावी असे होते, कारण उत्तर माझ्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं. त्या वहीतून पुढं जोडणीचं पुस्तक तयार होऊ शकतं, म्हणून नाउमेद होऊ नका. फोन आले म्हणजे किट वाईट असं नाही, ते अजून अर्धंच झालंय एवढंच. दहा फोनांच्या आत आलात तर तुम्ही माझ्यापेक्षा खूप पुढं आहात.

आता कायद्याचं. ते मी थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. सेव्हन १९५७ साली आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांत घेतली तर तो वाचत होता. तिकडची किट कर वाचवण्याच्या सोयीतून वाढली. आपल्याकडे मात्र लोक समजतात, किट म्हणजे गाडी नव्हे, मग आरटीओचा संबंध काय? संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडी बनवणाऱ्यानं नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायची असते. आपल्याला जवळ पडणारी अहिल्यानगरची व्हीआरडीई, नाहीतर पुण्याची एआरएआय. त्यात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला धुराचे बीएस-६ निकष. भंगारातल्या ओम्नीचं इंजिन तिथं कुठं बसतं, तुम्हीच सांगा.

"ओम्नीचं आरसी बुक आहे की, त्याच नंबरवर चालवायची" असं सुचवणारा एक तरी भेटतोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. सुरक्षेचे म्हणून अधिसूचित केलेले भाग निकषात न बसता विकले, तर कलम १८२अ खाली दर भागामागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८४ तर माझ्या ४१ फोनांवरच बोट ठेवतं: वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत म्हणून इजा झाली, तरी बनवणारा जबाबदार. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की नियमात बसत नाही म्हणून यंत्रणा ती आज ना उद्या अडवणारच. त्या बदल्यात बोलेरो दिली. एवढ्या कौतुकानंतरही ती जीप रस्त्यासाठी कायदेशीर झाली नाही, हे ध्यानात घ्या. आणि आपल्या वाळूजचीच, बजाजची क्यूट बघा. २०१२ साली दाखवलेली ती चारचाकी महाराष्ट्रात विक्रीला यायला २०१९ उजाडलं. बजाजला सात वर्षं लागली.

मग करायचंच नाही का? करा की. रस्त्यावर न चालणारी, ट्रॅकपुरती किंवा कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेपुरती फ्रेम बनवता येते, फक्त पावतीवर आणि फ्रेमवर तसं ठसठशीत लिहा. मी सध्या कॉलेजच्या संघांना वेल्डिंगची फिक्श्चर बनवून देतो. पैसा बरा आहे, झोप लागते. बॉडीच्या फायबरची घाई मात्र उन्हाळ्यात करू नका. आमच्याकडे मे महिन्यात ४२ अंशाला हार्डनर नेहमीच्या मापानं टाकला तर रेझिन बादलीतच दगड होतं. माझ्या दोन बादल्या गेल्या.

इसार मात्र घेऊ नका. एवढं एक माझं ऐका. इसार घेतला की निर्णय घ्यायचा राहतच नाही, फक्त तारखा देणं उरतं. नांदेड आणि जालन्याचे पैसे तसेच होते, ते लगेच दिले. लातूरच्या चाळीस हजाराचा पाइप आणि बाकीचा माल झालेला होता. ते तीन हप्त्यांत फेडले. शेवटचा हप्ता अण्णांच्या कापसाच्या पट्टीतून गेला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

ती दुसरी फ्रेम शेडमध्ये भिंतीला टांगलेली आहे, वर खडूनं ७ लिहिलंय. मागच्या महिन्यात फिक्श्चरचा बेड मशीनवर मारून आणला. लातूरवाला अजून दर दिवाळीला फोन करतो, "दादा, झालं का?"

"भोकं पाडायलो," मी म्हणतो.