डबल बेसचा पहिला गज घेताना या चुका टाळा

जुलैतल्या एका रविवारी एक विद्यार्थी डबल बेस या मोठ्या, उभ्या तारवाद्याचा नवा गज (घोड्याचे केस ताणून बसवलेली, तारेवर घासायची काठी) घेऊन घरी आला. चेहरा पार उतरलेला. "सर, स्क्रू फिरतोय, पण केस ताठ होत नाहीत. फसवलं मला." मी गज हातात घेतला. स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी केस झोळीसारखे लोंबत होते. काठी मात्र सरळ, वजन बेताचं, फ्रॉग (हाताकडचा, केस अडकवलेला ठोकळा) घट्ट बसलेला. गजात खोट नव्हती. कुठल्या तरी कोरड्या हवेच्या गावी भरलेले केस मुंबईच्या पावसात ओल पिऊन लांबले होते. आखूड करून पुन्हा भरले, आणि तो मुलगा आजही त्याच गजावर वाजवतो.

कमी पैशात गज घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं म्हणूनच हे असतं: सगळी रक्कम काठीवर घालवू नका. निदान पाचवा हिस्सा केस बदलायला आणि रोझिनला (केसांना लावायची राळ) राखून ठेवा. साध्या काठीवर ताजे केस असले की ती भारी काठी आणि जुने केस या जोडीपेक्षा चांगली वाजते, हे मी अनेकदा ऐकलंय.

पकड ठरण्याआधीच खरेदी

डबल बेसचे गज दोन जातींचे. फ्रेंच गज चेलोच्या (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य) गजासारखा वरून धरतात. जर्मन गजाचा फ्रॉग उंच असतो आणि हात खालून जातो, तळवा वर. सारंगियाची पकड जवळून पाहिली असेल तर जर्मन पकड लगेच ओळखीची वाटेल. जर्मनी-ऑस्ट्रियात जर्मन गज रुळलेला, फ्रान्स-इटलीत फ्रेंच, अमेरिकेत दोन्ही. जोवानी बॉटेसिनी (1821–1889) या इटालियन वादकाने चेलोसारखी पकड गाजवली. त्याच्या आधीच्या पिढीतला डोमेनिको ड्रॅगोनेटी (1763–1846) खालून धरूनच वाजवायचा. दोघेही आपापल्या काळातले अव्वल, तेव्हा श्रेष्ठ कोण हा वाद सोडून द्या.

तुमचे सर किंवा मॅडम जी पकड शिकवतात तीच घ्या. फ्रेंच गज स्वस्तात मिळतोय म्हणून जर्मन पकड शिकणाऱ्याने तो घेऊ नये, कारण तो हातात नीट बसणारच नाही. शिक्षक नसतील तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला जा. डबल बेसवाले बसतात त्या बाजूची खुर्ची धरा आणि दोन तास फक्त त्यांचे उजवे हात बघा.

हलका गज बरा वाटतो

व्हायोलिनचा गज 60 ग्रॅमच्या आसपास, चेलोचा 80 च्या, आणि डबल बेसचा साधारण 120 ते 150 ग्रॅम. हे वजन लागतंच. ई या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला जेमतेम 41 कंपनांचा असतो, आणि एवढी जाड तार हलवायला केसांनी तिला धरून ओढावं लागतं. फार हलका गज तारेवरून घसरतो. मग मूल हाताने दाबायला लागतं, खांदा वर चढतो, आणि ती सवय मोडायला पुढची दोन वर्षं जातात. त्याचबरोबर टोकाकडे जड असलेला गजही नको, अंगठा लवकर थकतो. हातात धरून दहा मिनिटं वाजवल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

लाकडाच्या नावावर भुलणं

पर्नाम्बुको हे ब्राझीलचं लाकूड 2007 पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या व्यापारावर निर्बंध आहेत. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये कुणी 'अस्सल पर्नाम्बुको' देत असेल तर शंका घ्या. त्या किमतीत ब्राझीलवुड नावाने विकली जाणारी लाकडं मिळतात, आणि त्यांतले काही गज खरोखर छान असतात.

आपल्या हवेसाठी माझा कल कार्बन फायबरकडे आहे. लाकडी काठीचा बाक उष्णता देऊनच वळवलेला असतो. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत गज राहिला तर तीच उष्णता बाक घालवू शकते. कार्बनच्या काठीला ही भीती बरीच कमी. फक्त एक जपा: फार स्वस्त 'कार्बन' गजांवर कार्बनची वीण वरवर दिसते, आत असतं फायबरग्लास. हे गज बहुधा लिबलिबीत निघतात.

काठी नीट न बघणं

इथे घाई करू नका. केस सैल करा, फ्रॉग डोळ्याजवळ धरा, एक डोळा मिटा आणि काठीवरून टोकाकडे नजर टाका, पट्टी सरळ आहे का बघतो तसं. डावी-उजवीकडे झोक दिसला तर गज परत ठेवा. आता वाजवण्याइतका ताण द्या. मध्यावर काठी आणि केसांमध्ये साधारण बोटाच्या जाडीइतकं अंतर राहावं आणि काठीचा आतला बाक अजून दिसावा. एवढ्या ताणालाच काठी सपाट होत असेल तर तिच्यात जीव उरलेला नाही.

मग तो तुमच्याच वाद्यावर वाजवा. ई तारेवर फ्रॉगपासून टोकापर्यंत एक लांब सूर, हळू सुरू करून जोरात नेत. जोर चढताना काठी केसांना टेकते का? मधेच बाजूला लचकते का? नंतर गज मध्याजवळ तारेवर उडवत छोटे सूर घ्या. चांगली काठी स्वतःहून परत येते, मेलेल्या काठीला प्रत्येक वेळी उचलावं लागतं. तीन-चार गज असतील तर कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसवा आणि कुठला आवडला ते विचारा. वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारा आवाज आणि लांबून ऐकू येणारा आवाज यांत बराच फरक असतो.

घरी आल्यावर 'बिघडलेला' गज

नव्या गजातून आवाजच येत नाही? केसांना अजून रोझिन लागलेलं नाही. व्हायोलिनचं कडक रोझिन इथे चालत नाही, बेसचं मऊ, चिकट रोझिन हवं. पॉप्स या नावाचं रोझिन तर इतकं मऊ की उन्हाळ्यात डबीतून वाहू लागतं. ते उभं आणि सावलीत ठेवा. कोकण-गोव्यासारख्या ठिकाणी थोडं कडक, कार्लसन किंवा नायमन, सोयीचं पडतं. मऊ रोझिन फ्रॉगकडून टोकाकडे एकाच दिशेने लावा, तीन-चार हात पुरे. सूर शिट्टीसारखा फुटत असेल तर आणखी रोझिन थापण्याआधी गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) फार जवळ जातोय का ते बघा.

पावसाळा नसतानाही स्क्रू फिरून केस ताणले जात नसतील, तर फ्रॉगच्या आतल्या पितळी नटाचे आटे झिजले असतील. हा लहानसा भाग बदलता येतो, गज टाकून देऊ नका. उलट, पावसाळ्यात आखूड केलेले केस डिसेंबरात किंवा एसी खोलीत आकसतात. गज ताणलेलाच राहिला तर टोक तडकू शकतं, म्हणून वाजवून झालं की स्क्रू सैल करायचाच.

आणि महिनाभर बंद असलेल्या पेटीत गजाचे केस आपोआप तुटलेले सापडले, तर ती कसर आहे, लोकरीच्या कपड्यांना लागते तीच. पेटी उघडून उन्हात ठेवा, गज मात्र बाहेर काढून सावलीत. अस्तराचे कोपरे व्हॅक्यूमने साफ करा आणि मगच केस बदलायला द्या, नाहीतर नवे केसही महिन्याभरात खाल्लेले दिसतील.