हिमालयातल्या तलावाचा ट्रेक ठरवताय? मराठवाड्यातून निघताना या चुका टाळा

आमच्या पहिल्या काश्मीर ट्रेकमधली सगळ्यात मोठी चूक जालन्यात, घरच्या डायनिंग टेबलावर झाली. श्रीनगरहून परतीचं विमान स्वस्तात मिळत होतं, म्हणून आधी ते तिकीट काढलं आणि मग त्या तारखेपासून उलटे दिवस मोजत ट्रेक बसवला. सहा जण, दहा दिवसांची रजा, जायला सचखंड एक्स्प्रेस. कागदावर सगळं चोख बसलं होतं. शिल्लक दिवस: शून्य.

त्यानंतर तीनदा हिमालयात गेलो. दरवर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेकांचा बेत तसाच निघतो, परतीच्या तिकिटाला बांधलेला. म्हणून हे लिहितोय.

दिवस मोजता, रात्री मोजत नाही

जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर. श्रीनगर १,६०० च्या आसपास, सोनमर्ग २,७०० च्या. आमचा ट्रेक काश्मीर ग्रेट लेक्सचा, म्हणजे सोनमर्गहून निघणारा तलावांचा ट्रेक; त्या वाटेवर पहिला तंबू निचनईजवळ पडतो, साधारण ३,५०० मीटरवर. आम्ही संध्याकाळी सोनमर्गला पोचलो आणि सकाळी चालायला लागलो. म्हणजे एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत आठशे मीटरची उडी. डॉक्टर मंडळींचा ठोकताळा असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपण्याच्या जागेचा.

याचं सोपं उदाहरण नांदेडकरांना माहीत असेल. उत्तराखंडातलं हेमकुंड हे शिखांचं तीर्थ चार हजार मीटरच्या वर आहे, तरी साठीतले भाविकही तिथे जाऊन येतात. कारण तिथे रात्री थांबूच देत नाहीत. मुक्काम खाली घांगरियाला, तीन हजारांच्या आसपास. सकाळी चढायचं, दर्शन घ्यायचं, दुपारी खाली.

उलट उदाहरण हिमाचलमधल्या चंद्रतालचं. तलावापासून थोड्या अंतरापर्यंत गाडी जाते, त्यामुळे लोक मनालीहून (२,०५० मीटर) एका दिवसात ४,२५० च्या आसपास पोचतात आणि तिथल्याच तंबूत झोपतात. एक पाऊल न चालता रात्रभर ओकाऱ्या. भृगू लेकही ‘तीन-चार दिवसांचा सोपा ट्रेक’ म्हणून विकला जातो. चाल खरंच थोडी आहे, पण तलाव ४,२०० मीटरच्या वर आहे. थोडे दिवस आणि जास्त उंची ही जोडी नवख्यासाठी सगळ्यात वाईट. ट्रेक जेवढा छोटा, तेवढी त्याच्या आधी खाली काढलेली एक जास्तीची रात्र मोलाची.

तेव्हा तिकीट काढण्याआधी एका कागदावर फक्त रात्री लिहा: कुठे झोपणार, किती उंचीवर. आकडे एकाखाली एक आले की चूक आपोआप दिसते.

दाजींचं डोकं

निचनईच्या तंबूत दाजी जेवायला आले नाहीत. मी आत डोकावलो.

“दाजी, डोकं दुखायलंय का?”

“कशाचं डोकं? गाडीत झोप नाही झाली, बस.”

त्यांच्या ताटलीतला राजमा तसाच थिजलेला होता. हा माणूस घरी शेंगदाण्याच्या चटणीसोबत चार भाकरी खातो. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. उंचीवर डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळाठा किंवा चक्कर, यातलं काहीही असेल तर तो उंचीचा त्रासच धरायचा. झोप, ॲसिडिटी, गाडी लागणं ही कारणं नंतर.

दाजी लपवत होते त्याचं कारणही तेच परतीचं तिकीट. “माझ्यापायी सगळ्यांचं बिघडायला नको.” एक दिवस शिल्लक असता तर निचनईलाच पडून राहिले असते, पाणी-सूप घेतलं असतं आणि बहुधा परवा चालले असते. दिवस नव्हता. पुढची वाट तर चार हजारांवरच्या खिंडीतून. सकाळी त्यांना बुटाची नाडी बांधायला खाली वाकवेना. मग घोडा केला आणि मी त्यांच्यासोबत सोनमर्गला उतरलो. दुपारी चारला त्यांनी ढाब्यावर राजमा-चावल मागवला, वरून अजून एक प्लेट. आठशे मीटर खाली येणं हेच औषध. विशनसर हा वाटेवरचा तलाव मी त्या वर्षी बाकीच्यांच्या मोबाइलवर पाहिला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर करायचं एवढंच. डोकं दुखत असेल, पण माणूस नीट बोलतोय-चालतोय, तर त्याला वर न्यायचं नाही. तिथेच विश्रांती, पाणी, हवी तर पॅरासिटामॉल. बारा-चोवीस तासांत बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली. बसल्या जागी दम लागत असेल, कोरडा खोकला वाढत असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर ते फुफ्फुसात पाणी भरण्याचं लक्षण. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा टाचेला बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं चालताना झोकांड्या देऊ लागला, तर मेंदूला सूज आली असं समजा. या दोन्ही वेळी सकाळची वाट पाहायची नाही. जवळ ऑक्सिजन असेल तर लावा आणि रात्र असली तरी उतरवा. एकट्याला कधी पाठवू नका.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल सगळे विचारतात. ते प्रतिबंधासाठी चालतं, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका. गोळी घेतली म्हणून एका दिवसात हजार मीटर चढायचा परवाना मात्र मिळत नाही. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य. आमच्याकडे ‘थंडीत थोडी घ्यावी’ म्हणणारे शहाणे प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात.

आणि कोरोनात घेतलेला तो ऑक्सिमीटर. चार हजार मीटरवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरल्यामुळे दर श्वासात मिळतो तो खालच्या सुमारे साठ टक्के. तेव्हा ऑक्सिमीटरवर ८५ ते ९० आकडा तिथे नेहमीचा. थंड बोटावर तो आणखी खाली दाखवतो. आकडा बघून रडू नका आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीही विसरू नका. मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळणारे फवाऱ्याचे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात. ते पैसे घोड्यासाठी ठेवा.

शाळेच्या सुट्टीला तलाव गोठलेला असतो

आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे आणि दिवाळी. हिमालयाला हे माहीत नाही. चार हजार मीटरवरचे बरेच तलाव जूनपर्यंत बर्फाखाली असतात. इंटरनेटवरचा निळा फोटो बघून मे महिन्यात गेलात तर पांढरं मैदान दिसेल. दिवाळीत परत बर्फ पडू लागतं. काश्मीरच्या तलावांचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबरचा मध्य. पीर पंजालच्या आड असल्यामुळे तिथे मॉन्सूनचा जोर कमी. उत्तराखंड आणि हिमाचलच्या बऱ्याच भागात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, रस्ते दोन-दोन दिवस बंद राहतात. तिकडे सप्टेंबर बरा.

शेती असलेल्यांना हे त्यातल्या त्यात जमतं. पेरणी, कोळपणी उरकलेली आणि सोयाबीन काढणीला अजून वेळ, अशी एक फट पोळ्याच्या पुढे-मागे मिळते. अडचण महालक्ष्म्यांची. घरातल्या बायांना त्या तीन दिवसांत गाव सोडता येत नाही आणि पुरुषांनी सोडलेलं खपत नाही. पंचांग उघडून तारखा काढा. १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी धरून बेत करणारे माझ्या ओळखीत दोघं आहेत, दोघंही खूश आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये सोनमर्गच्या रस्त्यावर अमरनाथ यात्रेची गर्दी असते, हेही धरून चाला. आणि कुठलाही ट्रेक सुरू आहे की बंद, हे पैसे भरण्याआधी तपासा. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडाची नेहमीची वाट बंद झाली. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद ठेवली होती.

“दौलताबाद चढतो की आम्ही”

देवगिरी किल्ला चढणं वाईट नाही. एकदा चढून फोटो टाकणं वाईट. मराठवाडा सपाट, उंची आपल्याला इथे मिळणार नाही. मिळवता येतात फक्त पाय आणि दम. निघायच्या दहा-बारा आठवडे आधी सुरू करा: आठवड्यातून चार दिवस भरभर चालणं किंवा हळू धावणं, दोन दिवस जिने. शेवटच्या महिन्यात पाठीवर सात-आठ किलो घेऊन. संभाजीनगरकरांना गोगाबाबा टेकडी आहे, आम्हाला अपार्टमेंटचा जिना. पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत आरामात होत असतील तर दम बरा म्हणायचा. उतरायचाही सराव करा. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत धावू नका, त्याने काही सिद्ध होत नाही.

तयारीचा एक उलटा धोका आहे. दाजी आमच्यात सगळ्यात तगडे होते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे तेच. उंचीचा त्रास कुणाला होईल हे दंड बघून सांगता येत नाही, आणि तगडा माणूस भराभर चढतो म्हणून त्यालाच आधी गाठतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग.

सामानातल्या चुका

यादी सगळीकडे मिळते, ती इथे लिहीत नाही. फक्त लोक फसतात त्या गोष्टी.

सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेलं सुती कापड संध्याकाळी वारा सुटला की अंगावर बर्फासारखं चिकटतं. आत लवकर वाळणारं सिंथेटिक किंवा लोकरीचं, मधे फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा. बूट निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. पन्नासेक किलोमीटर तरी त्यात चालून घ्या आणि पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठा काळा पडतो.

धपाटे न्या, पण ते दोन दिवसांचे. त्यानंतर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडूच खरे कामाला येतात, कारण वर भूक मरते आणि तोंडाला चव लागते. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर छोटा कुकर हवाच. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी टणकच.

काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ट्रेकवर तेही गप्प. घरी आधीच सांगून ठेवा की पाच-सहा दिवस फोन लागणार नाही. आमच्या आईने तिसऱ्या दिवशी गावभर फोन केले होते. आधार कार्डाची मूळ प्रत सोबत असू द्या, वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बसते. विमा घेताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात बसतो ते बारीक अक्षरात वाचा.

तलाव दिसला की उडी

ही चूक मी समजू शकतो. ज्या भागात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला एवढं काठोकाठ स्वच्छ पाणी दिसलं की अंग धुवावंसं वाटतंच. पण ते बर्फ वितळलेलं पाणी. घामेजलेल्या अंगाने उतरलात तर श्वास अडकतो, आणि जवळ दवाखाना नाही. साबण तर नकोच. तेच पाणी खालच्या तंबूत चहाला येतं.

हवामान बिघडलं की

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला. नऊ जण गेले. गाइड ‘आज खिंड नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. खिंड सकाळीच ओलांडायची, दुपारनंतर ढग येतात. वाद घालणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याचं विमान परवाचं असतं.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन दिवस जास्तीचे ठेवले आणि परतीचं तिकीट रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असं घेतलं. थोडं महाग पडलं. पहिला जास्तीचा दिवस सोनमर्गलाच घालवला. सकाळी पाचशे मीटर चढून आलो, दुपारी दाजींनी मोजे धुऊन हॉटेलच्या गॅलरीत वाळत घातले आणि “रिकामं बसवलं राव” म्हणून दिवसभर कुरकुर केली. निचनईच्या तंबूत रात्री त्यांनी दोनदा भात घेतला. दुसरा दिवस पुढच्या गडसर तलावाजवळ पावसाने खाल्ला.