स्नायूदुखीवर रोलर, बर्फ, टेप, कपिंग: या चुका टाळा

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात आणि हात आपोआप फोम रोलरकडे (अंगाखाली फिरवून स्नायू दाबायचा फोमचा दंडगोल) नाहीतर मसाज गनकडे (भराभर ठोके देणारं हातातलं मशीन) जातो. जाऊ दे, त्यात गैर काही नाही. फिजिओथेरपीचं काम करताना मला दिसतं ते असं की उपाय बहुधा बरा असतो, लावलेला जोर चुकतो.

याच्या मुळाशी एक जुना गैरसमज आहे: स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते रगडून काढायचं. खरं तर व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते ओसरलेलं असतं. नव्या किंवा जादा व्यायामाचं दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं आणि मग आपसूक उतरतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते आणि शरीर ती भरून काढत असतं. तिथे रगडून बाहेर काढण्यासारखं काहीच नसतं.

रोलर केल्यावर जास्तच दुखतंय?

रोलरवरचा माणूस नीट बघा. मांडीची बाहेरची बाजू टेकवलेली, दातओठ खाल्लेले, श्वास रोखलेला. अशा वेळी स्नायू सैल पडत नाही, उलट स्वतःला वाचवायला आवळून घेतो. शिवाय ती बाहेरची पट्टी स्नायू नाहीच. जाड, चिवट ऊतीची आहे ती, रोलरने लांब होत नाही. त्यापेक्षा मांडीचा पुढचा भाग आणि कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू घ्या. बोलता येईल इतकाच दाब, एका जागी ३० सेकंद ते दीड मिनिट. काळंनिळं पडलं तर जोर जास्त झाला. कमरेच्या मणक्यावर, हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळग्यात रोलर नकोच. मसाज गनलाही हेच लागू, आणि ती गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीही लावू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र रोल करून झाल्यावर होते: माणूस उठतो आणि खुर्चीत जाऊन बसतो. रोलरने आलेला मोकळेपणा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात हलके स्क्वॉट, पायऱ्यांची चढउतार, थोडं चालणं झालं पाहिजे. मी तर याशिवाय रोलर सांगतच नाही.

बर्फ

इजेवर विश्रांती, बर्फ, दाब, दुखावलेला भाग उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये गेब मिर्किन या डॉक्टरांनी रूढ केलं. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने इजा भरायला उशीर होऊ शकतो. वेदना कमी करायला बर्फ चालतो, पण फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. उघड्या कातडीवर धरून झोपी गेलेल्यांची त्वचा भाजलेली मी पाहिली आहे. ताज्या सुजेवर शेक देऊ नका. आणि स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलत असाल, तर प्रत्येक वेळी लगेच बर्फाच्या पाण्यात बसू नका, ती वाढच मंदावते.

टेप सुटतो, खाज येते

स्नायूवर लावायच्या ताणल्या जाणाऱ्या चिकटपट्टीची, म्हणजे टेपची, दोन्ही टोकं न ताणता चिकटवा आणि कोपरे गोल कापा. टोकं ताणली की तिथेच फोड येतात. खाज सुटली तर लगेच काढा, 'होईल सवय' म्हणू नका.

कपिंग, सुया, टेन्स

कपिंग म्हणजे त्वचेवर पेले लावून ती आत ओढून घेणं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे त्याचे गोल डाग जगाने पाहिले. ते डाग म्हणजे बाहेर पडणारं 'विष' नव्हे. बारीक रक्तवाहिन्या फुटून तिथे रक्त साकळलेलं असतं. त्यामुळे डाग जितका गडद तितका गुण जास्त, हे समीकरण सोडून द्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर कपिंग नको. ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूत बारीक सुया टोचणं, प्रशिक्षित हातांकडूनच करून घ्या, छातीजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. टेन्स, म्हणजे त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारं मशीन, वेदनेचा संदेश दाबतं, इजा भरून काढत नाही. म्हणून मशीन लावून बरं वाटलं की लगेच जड वजन उचलू नका. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नका.

एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं असेल तर मसाज अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते. जबर व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली, किंवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर सगळी साधनं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.