सिगार पारखायची तर आधी तिची ओल बघा

माझ्या मायनं गोंदियाकडच्या आमच्या गावी तीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूपान भिजवायचं, ओल्या गोणपाटात मऊ होऊ द्यायचं, मग कात्रीनं कापून सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं. गेल्या मे महिन्यात आतेभावानं परदेशातून हातानं वळलेल्या निकाराग्वाच्या सिगारचं खोकं आणलं. त्यातली एक मी मायच्या हातात दिली. तिनं ती कानाशी नेऊन दोन बोटांत हलकेच दाबली. आतून कुरकुर ऐकू आली. "वाळली रे बाबू. याले आधी ओल दे."

पारख इथूनच सुरू होते. चांगल्या सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि हवेत ओल उरतच नाही. अशा हवेत उघडी राहिलेली महागडी सिगारसुद्धा तिखट, गरम आणि कडू लागते. म्हणून खोकं आलं की सिगार घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत आर्द्रता राखणारी तयार पुडी आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. मापक खरा दाखवतो का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थेंबभर पाण्यानं लगद्यासारखं ओलं करा आणि मापकासोबत बरणीत 24 तास बंद ठेवा. काटा 75 वर यायला हवा. नाही आला, तर जेवढा फरक तेवढा पुढे धरून चाला. डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, कारण फार उष्णतेत तंबाखूचा किडा अंड्यातून बाहेर येतो आणि पानाला टाचणीएवढी भोकं पाडतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथली हवा पान सुकवते. वाळलेल्या सिगारवर पाणी शिंपडण्याचा मोह टाळा. वरचं पान फुगून चिरतं. ओल सावकाश भरते, त्याला आठवडे लागतात.

आता सिगार उजेडात धरा. बाहेरचं पान, त्याखालचं बांधणीचं पान आणि आतला भराव, असे तीन थर असतात. उत्तम सिगारचा भराव अख्ख्या लांब पानांचा असतो, चुऱ्याचा नसतो. झाडाच्या शेंड्याकडचं पान लिगेरो. ते जाड, कडक आणि सावकाश जळणारं, म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो. मधलं सेको सुवासासाठी, तर खालचं व्होलादो नीट जळावं म्हणून. बाहेरच्या पानाला हलकी तेलकट झाक हवी, शिरा बारीक हव्यात. टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवा. मध्येच पोकळ लागलं तर तिथं ती गरम जळेल, दगडासारखी गाठ लागली तर धूर अडेल.

टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक फक्त दोन मिलिमीटर कापा, धारदार कटरनं. जास्त कापलं तर वरचं पान उलगडतं. न पेटवता एक झुरका घ्या. हवा सहज यायला हवी आणि जिभेवर पानाची कच्ची चव उतरायला हवी.

पेटवायला लाकडी काडी चालते, पण गंधक जळून जाऊ द्या. रॉकेलची चिमणी किंवा मेणबत्ती नको, तिचा वास सिगारमध्ये शिरतो. ज्योत टेकवू नका. थोडी दूर धरून सिगार फिरवत टोक सगळीकडून भाजा, मग ओढा.

साधारण मिनिटाला एक झुरका पुरे. धूर तोंडात फिरवून सोडा, छातीत घेऊ नका. त्यातला थोडासा नाकावाटे सोडलात तर वास खरा उलगडतो. चवीला आपलेच शब्द द्या. सिगारचे तीन भाग धरले, तर मला पहिल्या भागात मिरी आणि सागवानाचा भुसा लागला, मधल्यात भाजलेली तूर आणि वाळलेल्या मोहफुलाचा गोडवा, शेवटी काळी कॉफी. तिन्ही भाग वहीत वेगळे लिहा. चव बदलत जाणं हा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला, तर पानाचं आंबवणं अपुरं राहिलंय. राख इंचभर टिकली तर बांधणी चांगली. सिगार एकाच बाजूनं जळत गेली तर वळणीत दोष असू शकतो किंवा ओल सारखी नसेल. ओली माती, जवस, चामडं, काहीही लागलं तरी लिहा. सोबत साधं पाणी घ्या, कडक चहा नको. उपाशीपोटी तर बसूच नका, घेरी येते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. खर्र्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, आमच्या भागात काय केलंय, ते मी जवळून बघितलंय. ज्यांना तंबाखूची सवय नाही, त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये. सार्वजनिक ठिकाणी तर मनाईच आहे. आम्ही वावरातल्या खाटेवर बसतो, लेकरांपासून लांब.

शेवटचे दोन इंच गरम लागू लागले की थांबा. सिगार चिरडू नका, नाहीतर उग्र वास सुटतो. तशीच ठेवली की ती आपोआप विझते.

मत मात्र एकाच सिगारवर देऊ नका. मे महिन्यात कडू म्हणून अर्ध्यावर टाकलेल्या सिगारच्याच खोक्यातली दुसरी आम्ही डब्यात तीन महिने ठेवून ऑगस्टमध्ये पेटवली. मोहफुलाचा गोडवा तिच्यातच सापडला.