घरातून चालवलेल्या आभासी जगात बाहेरच्यांना प्रवेश मिळत नाही? नेटवर्क जोडताना या चुका टाळा

ओपनसिम्युलेटर या मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवात २००७ मध्ये झाली, आणि आज साध्या घरगुती संगणकावरही त्याच्या आधारे स्वतःचे त्रिमितीय जग उभे करता येते. मालक स्वतः त्या जगात सहज वावरतो. पण मित्राला किंवा विद्यार्थ्यांना पत्ता देऊन बोलावले की लॉगिन अर्ध्यावर अडकते. अशा वेळी बहुतेक जण राउटरची, फायरवॉलची आणि सर्व्हरची सेटिंग्ज एकाच बैठकीत बदलून टाकतात, आणि मग कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. ही घाई टाळायची असेल, तर व्ह्यूअर (आभासी जगात शिरण्यासाठी वापरायचा प्रोग्राम) सर्व्हरशी एकदा नव्हे, दोनदा जोडला जातो ही गोष्ट प्रथम समजून घ्यावी लागते.

पहिली जोडणी लॉगिनसाठी असते. फायरस्टॉर्मसारखा व्ह्यूअर आपण दिलेल्या पत्त्यावर, सर्वसाधारणपणे टीसीपी (पोहोच मिळाल्याची खात्री करणारी पद्धत) पोर्ट ९००० वर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, नाव आणि पासवर्ड पाठवतो. ते मान्य झाले की सर्व्हर उत्तरात रीजनचा, म्हणजे जगाच्या त्या भूभागाचा, आयपी पत्ता आणि पोर्ट कळवतो, आणि व्ह्यूअर त्या नव्या पत्त्यावर यूडीपीने (पोहोच मिळण्याची वाट न पाहणारी पद्धत) दुसरी जोडणी सुरू करतो. लॉगिनचा प्रयत्न लगेच फसत असेल, तर दोष पहिल्या टप्प्यात शोधावा. उलट ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश आला, तर तो शुभ संकेत मानावा, कारण विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचून उत्तर परत आलेले असते. लॉगिन मान्य होऊन रीजनशी संपर्क होण्याची वाट पाहत पट्टी थांबत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी दुसऱ्या टप्प्यातला असतो.

चूक: सर्व्हर पाहुण्याला घरातला पत्ता देतो

माझ्या मते सर्वाधिक वेळ वाया घालवणारी चूक हीच आहे. रीजनच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ‘एक्स्टर्नलहोस्टनेम’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यात सुरुवातीला ‘सिस्टिमआयपी’ असे मूल्य दिलेले असते. या मूल्यामुळे सर्व्हर स्वतःच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१० सारखा घरातला पत्ता, प्रत्येक पाहुण्याला कळवतो. घरातील दुसऱ्या लॅपटॉपवरून सर्व सुरळीत चालते, म्हणून मालकाला शंका येत नाही. मात्र नागपूरला बसलेल्या मित्राचा व्ह्यूअर तोच पत्ता त्याच्या स्वतःच्या घरात शोधत राहतो. त्या ओळीत १२७.०.०.१ (संगणकाचा स्वतःकडे नेणारा पत्ता) लिहिले असेल, तर प्रत्येक पाहुण्याचा संगणक रीजन स्वतःमध्येच शोधू लागतो.

या ओळीत आपला सार्वजनिक आयपी पत्ता, किंवा त्याहून बरे म्हणजे त्याच्याकडे नेणारे डोमेन नाव लिहावे. त्याच फाइलमधील ‘इंटर्नलअॅड्रेस’ मात्र ०.०.०.० असाच ठेवावा, कारण सर्व्हरने संगणकाच्या कोणत्या पत्त्यावर ऐकायचे एवढेच तो सांगतो. तिथे सार्वजनिक पत्ता टाकला, तर तो पत्ता त्या संगणकावर नसल्यामुळे रीजन सुरूच होणार नाही. ओपनसिम्युलेटरच्या मुख्य फाइलमधील ‘बेसहोस्टनेम’ही तेच डोमेन नाव दाखवतो का, हे सोबतच तपासावे.

चूक: केवळ टीसीपी उघडणे आणि चुकीच्या चाचणीवर विश्वास ठेवणे

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली वाहतूक सर्व्हरकडे वळवण्याचा, नियम (काही राउटरमध्ये तो ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या नावाखाली सापडतो) करताना प्रोटोकॉलच्या चौकटीत बऱ्याचदा टीसीपी आधीच निवडलेले असते आणि ते तसेच राहून जाते. एका सर्व्हरवर चार रीजन असतील, तर टीसीपीसाठी ९००० हा एकच पोर्ट पुरतो. यूडीपीसाठी मात्र प्रत्येक रीजनला स्वतंत्र पोर्ट लागतो, म्हणजे ९००० ते ९००३ हे चारही पोर्ट उघडावे लागतात. नवे रीजन जोडल्यावर राउटरमधला नियम वाढवायचे राहून गेले, की बाकीचे जग चालते आणि नेमक्या त्याच रीजनमध्ये कोणाला जाता येत नाही.

पोर्ट उघडा आहे की नाही हे सांगणारी संकेतस्थळे बहुधा टीसीपीच तपासतात. यूडीपीमध्ये समोरून उत्तर येणे बंधनकारक नसल्यामुळे त्या पोर्टची खात्रीलायक चाचणी बाहेरून करता येत नाही. म्हणून ‘९००० उघडा आहे’ असा हिरवा शेरा दिसला, तरी यूडीपीविषयी काहीही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा सर्व्हरवरच करावी: लिनक्सवर टीसीपीडम्प किंवा विंडोजवर वायरशार्क (दोन्ही येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे प्रोग्राम) सुरू ठेवून बाहेरच्या व्यक्तीला लॉगिन करायला सांगावे. यूडीपीचे पॅकेट येताना दिसले, तर राउटरचे काम बरोबर आहे आणि दोष संगणकाच्या फायरवॉलमध्ये शोधावा. पॅकेट दिसलेच नाही, तर फायरवॉलला हात लावण्यात अर्थ नाही. विंडोजवर एक गोष्ट विशेष पाहावी, ती म्हणजे घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असताना फायरवॉलचा नियम केवळ ‘प्रायव्हेट’साठी केलेला असू शकतो.

वीज जाऊन आल्यावर सर्व्हरचा घरातला पत्ता बदलू शकतो आणि मग फॉरवर्डिंगचा नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतो. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न कायमचा सुटतो.

चूक: घरातूनच बाहेरचा पत्ता तपासणे

सार्वजनिक पत्ता लिहिल्यावर बाहेरचे मित्र आत येऊ लागतात, पण मालकालाच प्रवेश मिळत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. घरातून निघालेले पॅकेट राउटरच्या बाहेरील पत्त्यावर जाऊन पुन्हा घरातच वळावे लागते. या सोयीला नॅट लूपबॅक म्हणतात (नॅट म्हणजे घरातल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर) आणि ती प्रत्येक राउटरमध्ये नसते. त्यामुळे घरातल्या वायफायवरून आलेल्या अपयशावर निष्कर्ष काढू नये. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून, त्या मोबाइलचे वायफाय बंद ठेवून, तपासणी करावी.

व्ह्यूअरच्या संगणकातील होस्ट्स फाइलमध्ये डोमेन नावापुढे घरातला पत्ता लिहिण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने लॉगिन जमते, पण रीजनचा पत्ता सर्व्हर आकड्यांच्या स्वरूपात पाठवतो, त्यामुळे दुसरा टप्पा पुन्हा अडतो. टिकाऊ उपाय म्हणजे लूपबॅक देणारा राउटर वापरणे. ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये ही सोय असते.

चूक: सार्वजनिक पत्ता नसताना राउटरशी झगडणे

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता यांची तुलना सर्वांत आधी करावी, असा माझा आग्रह आहे. दोन्ही वेगळे असतील, तर मध्ये आणखी एक नॅट आहे. वॅन पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या, अनेक ग्राहकांत वाटलेल्या, सामायिक नॅटचा आहे. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवण्यात आला. वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरच्या डब्यामागे आपणच दुसरा राउटर लावलेला असतो आणि तो डबा ब्रिज मोडमध्ये (स्वतः नॅट न करता वाहतूक जशीच्या तशी पुढे देणे) टाकून प्रश्न सुटतो.

सामायिक नॅट असेल, तर घरातील कोणताही नियम उपयोगाचा नाही. आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी पद्धत) उपलब्ध असूनही मदत होत नाही, कारण या व्ह्यूअरच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये रीजनच्या पत्त्यासाठी चारच बाइट राखलेले आहेत. केवळ वेबची वाहतूक नेणारे टनेलही अपुरे पडते, कारण यूडीपी त्यातून जात नाही. सेवा कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्त्याची मागणी करावी, मोजकेच पाहुणे असतील, तर सर्वांनी टेलस्केलसारखे खासगी नेटवर्क वापरून त्यातला पत्ता ‘एक्स्टर्नलहोस्टनेम’मध्ये लिहावा, किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डची (सुरक्षित बोगदा उभारणारे सॉफ्टवेअर) जोडणी करून तिथून टीसीपी आणि यूडीपी दोन्ही पुढे पाठवावे.

चूक: वैतागून सगळेच उघडे टाकणे

काहीच जमेना म्हणून संगणक राउटरच्या डीएमझेडमध्ये ठेवणे, म्हणजे बाहेरची सगळी वाहतूक त्याच्याकडे मोकळी सोडणे, धोक्याचे आहे. ग्रिड पद्धतीत (अनेक सर्व्हर एका मध्यवर्ती सेवेने जोडलेले असतात तेव्हा) रोबस्ट ही मध्यवर्ती सेवा पाहुण्यांसाठी ८००२ आणि आतल्या कामासाठी ८००३ हा पोर्ट वापरते. वापरकर्त्यांची खाती आणि त्यांच्या वस्तू हाताळणाऱ्या सेवा ८००३ वर असल्यामुळे तो इंटरनेटसाठी कधीही उघडू नये. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ३३०६ या पोर्टलाही हाच नियम लागू आहे.

हायपरग्रिडने (एका ग्रिडमधून दुसऱ्या ग्रिडमध्ये जाण्याच्या सोयीने) जग इतरांशी जोडायचे असेल, तर त्यापूर्वीच कायमचे डोमेन नाव ठरवावे आणि बदलत्या आयपीसाठी डायनॅमिक डीएनएस (नाव नव्या पत्त्याकडे आपोआप वळवणारी सेवा) लावावे. दुसऱ्या ग्रिडवरील मित्रयाद्या आणि वस्तूंच्या निर्मात्यांच्या नोंदी आपल्या ग्रिडच्या पत्त्यासह साठवल्या जातात, त्यामुळे नंतर नाव बदलले की त्या जुन्या नोंदी आपल्या जगापर्यंत पोहोचत नाहीत.