उन्हाळ्यात फुलझाडं लावताना या चुका टाळा: खानापूर ते अथणी

दुपारी दोनला गुलाबाची पानं माना टाकतात, आपला जीव कळवळतो आणि आपण तांब्या घेऊन धावतो. उन्हाळ्यात कुंडीतली बरीच झाडं याच मायेनं जातात. बेळगावात वडगावच्या घरी गच्चीवर पहिल्यांदा सहा गुलाब लावले तेव्हा मी दिवसातून तीन वेळा पाणी घालत होते. मेच्या मध्यापर्यंत चार गेले. कुंडी उपडी केली तर मुळं काळी, मऊ पडलेली आणि मातीला कुजका वास. फार वाईट वाटलं.

कडक उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं तितक्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून पान लवतं. संध्याकाळी सातला पुन्हा बघा. उभं राहिलं असेल तर झाड ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मलूल असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडी लागली तर भरपूर पाणी द्या. ओली लागली तर पाणी थांबवा आणि कुंडीखालचं भोक बुजलंय का ते पाहा. खालची पानं पिवळी आणि माती ओलीच, ही जास्त पाण्याची खूण.

पाणी सकाळी आठच्या आत द्यावं, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. गच्चीवरच्या पाइपात उन्हानं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडा, थेट झाडाला नको.

मातीची चूक गावागणिक वेगळी. येळ्ळूर, शहापूर किंवा अथणीकडची काळी माती शेताला सोन्यासारखी, पण कुंडीत ती वाळली की भेगा पडतात, पाणी कडेनं निसटतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी टिकत नाही. मी दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक पाटी नारळाचा भुसा घेते. काळीच माती मिळत असेल तर ती निम्म्याहून कमी ठेवा, बाकी जाड वाळू आणि खत. ताजं शेण मात्र अजिबात नको, कुजताना ते तापतं आणि कोवळी मुळं होरपळतात. वरून बोटभर पालापाचोळा पसरा. चिकोडी-निपाणीकडे उसाचं पाचट सहज मिळतं, त्यासारखं आच्छादन नाही.

स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात. मातीची कुंडी बरी, किंवा प्लास्टिकच्या कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा.

रोपवाटिकेत एप्रिलमध्येही पिटुनिया, शेवंती फुललेली दिसते आणि मोह होतो. ती थंडीची झाडं, घरी आणल्यावर लवकरच मान टाकतात. या दिवसांत सदाफुली, झिनिया, चिनी गुलाब, बटनफूल लावा. अबोलीला थोडी सावली द्या. रोप आणलं की त्याच दुपारी कुंडी बदलू नका, चार दिवस सावलीत ठेवून मग संध्याकाळी लावा. अथणीच्या उन्हात तर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी हवीच.

मोगऱ्याला पानंच येतात, फुलं नाहीत, ही तक्रार मी सतत ऐकते. बहुधा तो सावलीत असतो किंवा त्याला युरिया जास्त झालेला असतो. पाच-सहा तास ऊन मिळू द्या आणि एक बहर संपला की शेंडे तीन-चार बोटं छाटा. नव्या फुटीवरच कळ्या येतात.

पानाखाली बारीक जाळं आणि पान राखट दिसलं तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्यानं वाढतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात.

आणि वळीव पडला की घाईनं सगळ्या कुंड्या जाळीबाहेर काढू नका. दुसऱ्या दिवशीचं ऊन तितकंच कडक असतं. गणपतीला घरचा झेंडू हवा असेल तर बी जूनमध्ये टाका.